साक्षीच्या नावची वही

९ जानेवारी, गुरुवार. दुपारी.

आधी आली ती धोंडुबाई. दारात जीप थांबली, तिचं दार उघडायचं होतं, तोवर ही शेजारीण पदर खोचून आमच्या उंबऱ्यात. म्हणाली, आक्का, कोण पाव्हणं गं? मी म्हटलं, उतरू तरी दे त्यांना, उतरल्या की आधी तुलाच भेटतील. लाजली नाही. पाट घेऊन बसली.

उतरल्या दोन बायका, सांगलीच्या. एक थोराड, चष्मेवाली, राजेश्वरी मॅडम. दुसरी कवळी, केस मानेपर्यंत कापलेले, पल्लवी मॅडम. दोघींच्या हातात पाण्याच्या बाटल्या. आमच्या घरात जणू पाणीच नाही.

आल्या होत्या आमच्या साक्षीला भेटायला. कशाला? तर दवाखान्यात काम करणाऱ्यांच्या मनावर ताण येतो म्हणे, तो लिहून काढायचा. लिहिला की हलकं वाटतं. मी चहा गाळत होते, हसू आलं, अर्धा चहा सांडला. लिहून ताण जात असता तर आमच्या तलाठ्याएवढा सुखी माणूस जिल्ह्यात सापडला नसता. जन्मभर लिहितोय.

साक्षी माझी नात. धनाजीची थोरली. धनाजी नि सून तिकडं मदुराईला, सोनं आटवायच्या दुकानात. पोर मी वाढवली. नर्स केली. सरकारी दवाखान्यात आहे, कंत्राटावर. वीस दिवसांमागं तिच्याकडं बिराप्पाची बायको बाळंत झाली, धनगराची. पोरगं चांगलं झालं पण बाईचं रक्त थांबेना. १०८ची ॲम्ब्युलन्स आली, साक्षी सोबत बसली. साताऱ्याला पोचायच्या आत बाई गेली. तिच्या हाताला धरूनच गेली. तेव्हापासून पोरगी घरी बसून आहे. १ फेब्रुवारीला ड्युटीवर दिसली नाही तर नवी ऑर्डर निघायची नाही, असा वरून निरोप आलाय.

कारण वाईट, ते खरंच. पण नात घरात आहे, हे पण खरं. चार वर्षांत सलग दोन दिवस हाताला लागली नव्हती. मला तर सकाळी उठल्यावर ती दिसली की बरं वाटतं बाई.

मॅडमनी तिला वही दिली. दोनशे पानी, निळी, जाड पुठ्ठ्याची. रोज पंधरा मिनिटं लिहायचं. काय झालं, तेव्हा काय वाटलं, आता काय वाटतं. शुद्धलेखन बघायचं नाही. मनाला येईल ते. पुन्हा ६ फेब्रुवारीला येतो म्हणून गेल्या. साक्षीनं वही कपाटावर ठेवली आणि हात धुवायला गेली. दिवसातून वीसदा हात धुते. साबणाची वडी चार दिवस पुरत नाही.

मी ठरवलंय. १ तारखेला पोरगी ड्युटीवर. मी धाडणार. वहीबिही काही लागत नाही.

(वही मीच कपाटावरून काढली. हे मागच्या पानावर लिहितेय, पेन चालतं का बघायला.)

१० जानेवारी

दृष्ट काढली. मीठ, मोहऱ्या, सात मिरच्या. जाळल्या तरी साक्षीला ठसका नाही. धोंडुबाई दारात उभी होती, तिला असा ठसका लागला की पाणी द्यावं लागलं. म्हणजे कुणाची लागली होती ते कळलं.

साक्षीनं अर्धी भाकरी खाल्ली. गुण आला. आठवड्यात बरी.

१२ जानेवारी, रविवार

गावठी कोंबडं कापलं. लाल रस्सा, वर तरी. असा रस्सा आमच्या लालासाहेबांना, म्हणजे माझ्या मालकांना, आवडायचा. मिलिटरीतनं सुट्टीवर आले की पहिल्या दिवशी कोंबडं आणि दुसऱ्या दिवशी भांडण. देवाघरी गेले बिचारे, पण रश्श्याला कधी नावं ठेवली नाहीत.

साक्षीनं ताटातल्या लाल रश्श्याकडं बघितलं, उठली, हात धुवायला गेली ती आलीच नाही.

तिखट कमी पडलं असणार. मिरची यंदाची मिळमिळीत.

१३ जानेवारी

वही अजून कोरी. (मागची पानं सोडून.)

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, कोरी राहिली तर राहिली. तसं नसतं. मी तीस वर्षं उपकेंद्रात सिस्टरच्या हाताखाली काढलीत. शाळा चौथी, पण अक्षर गोल, त्यामुळं रजिस्टर माझ्याकडं. पुन्हा येतो म्हणणारं माणूस चहा प्यायला येत नसतं. ती व्हिजिट असते. व्हिजिटीत कोरं पान सापडलं की शेरा. पोरगी आधीच अर्धी झालीय, वर शेरा कशाला?

आमच्या वेळी साहेबांची जीप सोमवारी यायची असली की रविवारी मी आणि सिस्टर बसायचो. ती सांगायची, मी लिहायचे. तीन महिन्यांच्या घरभेटी एका बैठकीत. पेनं तीन. एक निळं, एक काळं, एक संपत आलेलं. म्हणजे वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं दिसतं. एखाद्या पानावर चहाचा डाग पाडायचा. एखादी बाई घरी नव्हती असं पण लिहायचं, सगळ्याच घरी सापडल्या तर साहेबाला संशय येतो. एका वर्षी आमच्या रजिस्टरला तालुक्यात पहिला नंबर मिळाला. स्टीलचा डबा. अजून त्यात चहापत्ती आहे.

तर साक्षीच्या नावची वही मी भरणार. तिला सांगायचं नाही. उगाच म्हणेल, आजे, असं नसतं. आताच्या पोरींना काय ठाऊक, कसं असतं.

पुढच्या पानावर तक्ता आखला. तारीख, दुःख, शेरा. दुःख ९ तारखेला १००. रोज पाच कमी. २९ तारखेला शून्य. दोन दिवस हातात शिल्लक, कमीजास्त झालं तर.

१४ जानेवारी, संक्रांत

बायका आल्या होत्या. साक्षी पण बाहेर येऊन बसली, मीच बसवली. धोंडुबाईनं तिळगूळ तोंडात टाकला आणि त्याच तोंडानं विचारलं, साक्षे, ती बिराप्पाची बायकू गेली तवा तू कुठं हुतीस गं? मी म्हटलं, धोंडे, तीळ चाव, जीभ चावू नगंस. साक्षी आत गेली.

मग मी बाजू सावरली. सगळ्या बायकांना नीट समजावून सांगितलं की पोरीला काही सुद्धा झालेलं नाही. फक्त जेवत नाही, झोपत नाही, बोलत नाही आणि सारखे हात धुते. बायकांना पटलं. गप्पच झाल्या.

साक्षीनं नंतर म्हटलं, आजी, तू कशाला सांगतेस? म्हटलं, न्हाई सांगत. उद्यापासून न्हाई सांगत.

१६ जानेवारी

तक्ता आज २९ तारखेपर्यंत भरून टाकला. तिन्ही पेनं चालली. शेऱ्यात लिहिलं: प्रगती आहे. समाधानकारक. चांगली प्रगती आहे. मध्ये एक दिवस 'थोडं रडू आले', संशय नको म्हणून.

पण तक्त्याला पानच एक लागलं. राहिली एकशेपंच्याण्णव. तिथं म्हणे काय झालं आणि तेव्हा काय वाटलं ते लिहायचं. साक्षीला सहज विचारल्यासारखं विचारलं, पोरी, गाडीत तुला काय वाटलं गं? ती म्हणाली, आजी, नको ना. तिची हनुवटी हलायला लागली. मी लगेच भोपळ्याच्या वेलाचा विषय काढला.

नाही सांगत तर नाही. मी अंदाजानं लिहीन. नर्सबाईला काय वाटत असेल याचा अंदाज मला नसेल तर कुणाला असेल? तीस वर्षं जवळून बघितलंय. मला स्वतःला कधी काही वाटलं नाही म्हणा. आम्ही घट्ट माणसं. तेव्हा स्ट्रेस नव्हता, तो मोबाईलबरोबर आला.

१७ जानेवारी

चार पानं लिहिली. अंदाजानं. एका बैठकीत चार पानं कशी झाली कळलं नाही, दूध उतू गेलं.

वाचून बघितलं तर एक चूक. मी लिहिलंय, बाईला बैलगाडीत घातलं. साक्षीच्या वेळी बैलगाडी कुठली? ती बैलगाडी आमच्या वेळची, हरणाबाईच्या वेळची, मेली पेनातनं आली. खोडून १०८ केलं. 'जू' लिहिलं होतं तिथं 'इंजिन'. 'कासरा' होता तिथं काय लिहावं सुचेना, 'स्टेअरिंग' लिहिलं. 'वड्याच्या वाळूत चाक रुतलं' तसंच ठेवलं. चाक १०८ला पण असतं.

हरणाबाईचं काही नाही. एक केस होती. मला नोकरी लागून वर्ष झालं नव्हतं. ते असू दे.

१८ जानेवारी

साक्षीनं आज आपणहून विचारलं, आजी, त्या मॅडमनी दिलेली वही कुठाय? मी म्हटलं, कुठली वही? ती म्हणाली, निळी. म्हटलं, निळी? आपल्याकडं निळं काय हाय? तिनं सगळं कपाट उलटं केलं.

वही जोंधळ्याच्या डब्यात आहे. डब्यावर मी बसले होते.

वाईट वाटलं थोडं. पण आता तिला वही दिली तर तक्ता दिसेल. तिनं गेल्या सालच्या कॅलेंडरची पानं फाडून घेतली आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहीत बसली परसात. अर्धा तास. काय लिहीत होती देव जाणे. मी धुणं वाळत घालायच्या निमित्तानं तीनदा गेले, पालथा हात ठेवला तिनं पानावर.

२० जानेवारी

आज कळस. पोरीनं तीन पानं लिहिली, दोन्ही बाजूंनी, गच्च. आणि उठून बंबात घातली! विस्तवात! मी ओरडले, अगं बया, फाडलेला कागुद तरी ठेवायचा! म्हणाली, मॅडम म्हणाल्या होत्या, ठेवायचं नसलं तर फाडा, जाळा, चालतं.

आता याला काय म्हणावं? आमच्या रजिस्टरचं एक पान उंदरानं कुरतडलं होतं तर सिस्टरला मेमो मिळाला होता. पान जाळायला सांगणाऱ्या बायका सरकारी असूच शकत नाहीत. दाखवायचं नाही तर लिहायचं कशाला?

साक्षीचे डोळे लाल झाले होते, धुरानं. मग त्याच तापलेल्या पाण्यानं आंघोळ केली आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या. दोन! त्या रविवारच्या रश्श्याचा गुण आठ दिवसांनी आला. गावठी कोंबड्याचं असंच असतं, सावकाश लागू पडतं.

२२ जानेवारी

आज हात पाचदाच धुतले. मी साबण बदलला होता. चंदनाचा आणला. वासाचाच फरक.

मी मोजत नाही. सहज लक्ष गेलं.

२४ जानेवारी

तक्त्याप्रमाणं आज दुःख २५. साक्षी दुपारभर रडली. मांडीवर डोकं घेतलं, तेल घातलं, तरी थांबेना. म्हणाली, आजी, मला आधीच कळायला पाहिजे होतं. मी गाडी अजून लवकर बोलवायला पाहिजे होती. मी म्हटलं, तुझी काय चूक? म्हणाली, चूक नाही असं डॉक्टरपण म्हणतात, पण मला तसं वाटत नाही. मी म्हटलं, वाटून घिऊ नगंस. एवढं सोपं आहे. मला नाही वाटत.

तक्त्यात ६० करावे की काय असं मनात आलं. पण खोडाखोड दिसली की साहेब आधी तिथंच बोट ठेवतो. २५च राहू दे.

पुढच्या पानांवर सहा पानं अजून लिहिली. हात चालतच राहतो. अंदाजानं.

२६ जानेवारी, रविवार

साक्षी नऊच्या एस.टी.नं गेली. कुठं, तर येते म्हणाली. नवा ड्रेस नाही, पावडर नाही. मला वाटलं वडूजला बांगड्या भरायला गेली असेल. मनात म्हटलं, राहीबाई, जिंकलीस. पोरगी बांगड्या भरायला लागली म्हणजे ड्युटीला लागली.

चार वाजता आली. ओढणीला शेरडांचा वास, कुशीवर दुधाचा डाग. बिराप्पाच्या वस्तीवर गेली होती! एकटी! ज्यांनी बाई गेल्यावर दवाखान्यात आरडाओरडा केला त्यांच्या दारात! म्हटलं, मारली न्हाई ना कुणी? म्हणाली, नाही. बिराप्पा उठून रानात गेला. पण त्याच्या आईनं बसायला घोंगडं टाकलं. लेकरू मांडीवर दिलं. मग म्हातारीनं विचारलं, बाई, शेवटाला ती काय बोलली? साक्षीनं सांगितलं. सगळं, जसं झालं तसं. दोघी रडल्या. निघताना म्हातारीनं शेळीचं दूध दिलं लोट्यात.

मी म्हटलं, कुणी इच्यारलं म्हणून सगळंच सांगायचं असतं व्हय? असं कुणी जातं का?

आम्ही नाही कधी गेलो. मी तर हरणाबाईच्या वस्तीकडं फिरकले सुद्धा नाही. आजसुद्धा वड्याची वाट सोडते नि फाट्यावरनं येते. मैलभर जास्त पडतं. पण चाललेलं बरं असतं, गुडघे मोकळे होतात.

साक्षी आज न सांगता झोपली. मी ते दूध तापवलं. चांगलं होतं.

२८ जानेवारी

साक्षी म्हणाली, शनिवारी जॉईन होतेय. धोंडुबाईला मी सांगितलं, बघितलंस? दृष्ट, रस्सा, साबण आणि तक्ता. ती म्हणाली, तक्ता कसला? म्हटलं, तुला न्हाई कळायचं.

वही पण पुरी करून टाकावी म्हटलं. साक्षीच्या नावानं. केस अर्धीच लिहून ठेवली होती, अर्धी केस रजिस्टरला चालत नाही. तर लिहिलं की सिस्टर माहेरी गेली होती, मी एकटी होते. बाई सकाळी आली. मी तिला म्हटलं, हुईल, घाबरू नगंस. दुपार झाली. मी बसून भाकरी खाल्ली, कांद्याबरोबर, ती कळा देत होती आणि मी कांदा फोडला. मला वाटलं होईल. गाडी बोलवायला माणूस धाडला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

(दवाखान्यात सिस्टर माहेरी जाईल पण डॉक्टर असतात. 'डॉक्टर माहेरी गेले होते' असं करून ठेवलं. बरोबर वाटेना. उद्या बघू.)

कांद्याचं कशाला लिहिलं? कुणाला काय करायचंय कांद्याचं. पण लिहिलं ते लिहिलं, आता खोडलं तर जास्त दिसेल.

बेचाळीस वर्षांत मी हे कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही नाही. मालकांना सुद्धा नाही. मला काही टेन्शन नाही. जेवण पण कमी झालं ते वयामुळं.

३१ जानेवारी

साक्षीनं युनिफॉर्म इस्त्री केला. दोनदा. मी डब्याला थालीपीठ करणार होते, ती म्हणाली, भाजी-भाकरीच दे, कांदा घाल. मी कांदा घातला नाही. म्हटलं, महाग झालाय.

१ फेब्रुवारी, शनिवार

सातच्या एस.टी.नं गेली. मला वाकून नमस्कार केला. म्हणाली, आजी, भीती वाटतेय. म्हटलं, वाटून घिऊ नगंस. म्हणाली, नाही, वाटतेय ती वाटू दे, तरी जाते. कुठनं शिकतात असली वाक्यं.

मीच धाडली. १ तारीख म्हटलं होतं, १ तारखेलाच.

घर मोकळं झालं. बरं झालं. साबण वाचेल.

३ फेब्रुवारी

दोन दिवस डब्यावरनं उठले नाही. जोंधळ्याच्या. तिथं ऊन चांगलं येतं.

५ फेब्रुवारी

उद्या व्हिजिट. अंगण झाडलं, कप नवे काढले. वही एकदा नजरेखालनं घातली. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात 'कु. साक्षी धनाजी' लिहिलं, खाली दुहेरी रेघ. एका पानावर चहाचा डाग पाडला. फर्स्ट क्लास. असली वही त्या बायकांनी बघितली नसेल.

६ फेब्रुवारी, गुरुवार

अकराला आल्या. दवाखान्यात आधी साक्षीला भेटून आल्या होत्या. म्हणाल्या, छान आहे, काल दोन बाळंतपणं केली, एकदा बाहेर येऊन रडली, पुन्हा आत गेली. मी म्हटलं, आता वही बघा. आणि पुढं केली.

राजेश्वरी मॅडमनी हात सुद्धा लावला नाही. म्हणाल्या, आजी, वही आम्ही बघत नाही. ज्याची त्यानं ठेवायची असते.

म्हटलं, तपासणी?
नसते म्हणाल्या.
शेरा?
नसतो.
खाली सही तरी?
नाही.

मला असा राग आला. महिनाभर पाठ मोडून लिहिलं, तीन पेनं संपली, दूध दोनदा उतू गेलं, आणि बघतच नाहीत? असली कसली व्हिजिट? म्हटलं, तुमी न्हाई बघत तर मी वाचून दाखवते. साक्षीनं लय मेहनत घेतलीया. बसा. बसल्या.

आधी तक्ता वाचला. शंभर, पंच्याण्णव, नव्वद, प्रगती आहे, समाधानकारक. पल्लवी मॅडमनी तोंडावर ओढणी धरली, खोकला असावा. मग केस वाचायला घेतली. मला वाचायची सवय आहे, साहेबांपुढं मीच वाचायचे, आवाज खणखणीत. चांगलं चाललं होतं. वड्यात १०८चं चाक रुतलं, सगळे उतरले, दिवस बुडत आला होता, बैलांच्या तोंडाला फेस आला.

तिथं खोडायचं राहिलं होतं.

पल्लवी मॅडम हळूच म्हणाली, आजी, १०८ला बैल?

मी म्हटलं, चूक झाली. साक्षीची. पोरगी दमली हुती. आणि पुढं वाचलं. बाई गाडीत निजली होती. माझा हात तिनं धरला होता. तिनं विचारलं, बाई, माझ्या शेरडाला पाणी पाजलंसा का, सकाळधरनं बांधून आलीया. मी म्हटलं, व्हय, पाजलं. पाजलं नव्हतं. मला ठाऊक पण नव्हतं कुठं बांधलंय. ती बरं म्हणाली आणि

पुढची अक्षरं दिसेनात. चष्म्याचा नंबर बदलला असणार, गेल्या वर्षीपासून म्हणतेय वडूजला जाऊन दाखवावा. मी पान उलटलं, मागं उलटलं. बोटानं ओळ धरली तरी दिसेना.

राजेश्वरी मॅडमनी विचारलं, नाव काय होतं तिचं? म्हटलं, हरणाबाई. विचारलं, किती वर्षं झाली? म्हटलं, बेचाळीस. मग आठवलं की केस साक्षीची आहे, पण तोवर बोलून गेले होते.

त्यांनी समजूत घातली नाही, बरं झालं. समजूत मला घालता येते, घेता येत नाही. चहा घेतला दोन-दोन कप. पल्लवी मॅडमनी आमच्या माठातलं पाणी मागून घेतलं.

मी म्हटलं, मला काही झालेलं न्हाई हं. व्हय म्हणाल्या. म्हटलं, अंदाजानं लिहिलंय सगळं. बरं म्हणाल्या. वही माझ्याजवळच ठेवून गेल्या, अजून शंभरावर पानं कोरी आहेत.

जाताना म्हणाल्या, पुन्हा येतो. मी म्हटलं, गुरुवारी साक्षी ड्युटीवर असते, घरी मी एकटीच. म्हणाल्या, ठाऊक आहे.

पुढची व्हिजिट: २० फेब्रुवारी, गुरुवार, अकरा वाजता.